चेहरा की हात

रत्नागिरीत माझा छोटासा स्टुडिओ आहे. पासपोर्टचे फोटो, बारशी, मुंजी, लग्नं. सतरा-अठरा वर्षं हेच करते आहे. लग्नात सनई लावलेली असते, वरातीत बँड असतो, नवरीचे मामा कधीकधी नाचतातसुद्धा. पण गाणं ऐकत ऐकतही फोटो काढता येतो, किंबहुना तो तसाच काढावा लागतो, हे चाळिशी उलटेपर्यंत माझ्या गावीही नव्हतं.

ते कळलं एका आंब्याच्या शेडमध्ये. पावसच्या रस्त्याला ज्यांची हापूसची कलमं आहेत असे एक काका एकदा स्टुडिओत फोटो काढायला आले. उजेडाखाली स्टुलावर बसल्या बसल्या मला म्हणाले, "आमच्याकडे महिन्यातून एका रविवारी सकाळी गाण्याची बैठक असते. तिचे फोटो काढशील का गो? मोबाइलवर सगळेच काढतात. पण त्यात माणसं भुतासारखी दिसतात."

मी हो म्हटलं. त्यात अवघड काय असणार, असंच मला वाटलं होतं.

काकांची पॅकिंगची शेड चांगली लांबरुंद आहे. भिंती चिऱ्याच्या, वर पत्रा, आणि पत्र्यात मध्येमध्ये दोन ठिकाणी उजेडासाठी फायबरचे पांढरट तुकडे बसवलेले. मार्च ते मे तिथे पेट्यांची थप्पी लागलेली असते आणि पाय ठेवायला जागा नसते. एरवी ती रिकामी. दिवाळीनंतर काका ती झाडून घेतात, एका टोकाला दोन चौकी जोडून त्यावर गालिचा टाकतात, समोर सतरंज्या अंथरतात. पन्नास-साठ माणसं दाटीवाटीने बसतात. शेडमध्ये पेंढ्याचा वास मुरलेला असतो, तो काही केल्या जात नाही. माईक नाही. काकांचा त्यावर फार कटाक्ष. "इतक्याशा जागेत माईक कशाला? माणसाचा आवाज माणसाला ऐकू येतो," असं ते म्हणायचे.

पहिल्या बैठकीला गुहागरच्या एक शिक्षिका गायला आल्या होत्या. मी लग्नाची सगळी तयारी घेऊन गेले: जवळचं-लांबचं दोन्ही घेणारी रोजची झूम लेन्स, हातभर लांबीची मोठी झूम, आणि फ्लॅश. बाईंनी डोळे मिटून पहिला सूर लावला. तो लांबच लांब चालला होता आणि शेडमध्ये कुणी हलत नव्हतं. मी फ्लॅश मारला.

बाईंचे डोळे खाडकन उघडले. सूर तुटला. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. घोटभर पाणी प्यायल्या आणि पुन्हा पहिल्यापासून लावला. मला मात्र पन्नास माणसांच्या नजरा पाठीवर जाणवल्या. मी फ्लॅश काढून पिशवीत टाकला आणि मागे भिंतीपाशी गेले.

फ्लॅश गेल्यावर माझ्याकडे उरलं काय? सकाळचे दहा वाजलेले, तरी शेडमध्ये उजेड जेमतेम. मागून मोठ्या लेन्सने बघितलं तर मध्ये एक माकडटोपी, दोन अंबाडे आणि एक टक्कल. लांबून मोठं करून घ्यायचं तर कॅमेऱ्याचा वेग वाढवावा लागतो, नाहीतर आपला हात हलल्याचं फोटोत दिसतं; आणि वेग वाढवला की उजेड पुरत नाही. मग फोटोवर रव्यासारखे दाणे येतात. पुढे सरकले तर शटरचा आवाज. लग्नात तो कुणाला ऐकू जात नाही. इथे मात्र प्रत्येक वेळी कुणीतरी कडी घातल्यासारखा खट्‌ खट्‌ वाजायचा. शेवटी मी कॅमेरा मांडीवर ठेवला आणि नुसती बसून राहिले.

आणि तेव्हा पहिल्यांदा मी ऐकलं. सहा-सात हातांवर एक बाई बसलीय आणि तिच्या छातीतून निघालेला आवाज मधे काहीही न येता माझ्यापर्यंत येतोय. श्वास घेतानाचा बारीक आवाजसुद्धा येतोय. मी आयुष्यभर गाणी स्पीकरमधून ऐकली होती. इतक्या जवळून, उघड्या गळ्यातलं गाणं कधी ऐकलंच नव्हतं. अंगावर काटा आला. आपण इथे काहीतरी तोडायला आलो होतो, असं वाटून फार ओशाळल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी काकांना फोटो दाखवले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून एकेक नीट बघितला.

"ही बाई गात्येय की जांभई देत्येय?"

मी पुढचा फोटो पुढे केला.

"तुझी चूक नाही गो," काका म्हणाले. "पण काल तिथे जे झालं ते ह्यात कुठे आहे?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. पुढच्या आठवड्यात मी काकांना फोन करून विचारलं, "शेड रिकामी असेल तेव्हा एक दुपार मला द्याल का?" चिपळूणच्या एका फोटोग्राफर मैत्रिणीकडून तिची पंच्याऐंशी मिलिमीटरची लेन्स महिनाभरासाठी मागून आणली. तिच्यात झूम नाही. ती आहे तेवढंच जवळ दाखवते, पण तिचं भोक मोठं, त्यामुळे कमी उजेडात चालते. आणि स्टुडिओच्या खणातली पन्नासची घेतली. ही माझी सगळ्यात साधी लेन्स. रोज पासपोर्टचे फोटो हिच्यावरच निघतात. तिला मी कधी स्टुडिओबाहेर नेलंच नव्हतं.

त्या दुपारी काका स्वतः चौकीवर मांडी घालून बसले. समोर वाद्य म्हणून आंब्याची रिकामी पेटी आडवी धरली आणि तिच्यावर थापा मारू लागले.

"हं, काढ. मी वाजवतोय असं समज."

मी दहा फुटांवर, भिंतीला टेकून सतरंजीवर बसले. पंच्याऐंशीतून पाहिलं आणि बघतच राहिले. मागची चिऱ्याची भिंत विरघळल्यासारखी झाली होती आणि काकांचा चेहरा, भुवयांतला एकेक पांढरा केस, त्यातून पुढे आला होता. आता ओळखीचा झालेला चेहरा, पण मी तो असा कधी बघितला नव्हता. फोटो काढून दाखवला.

"वा!" काका म्हणाले. मग जवळ नेऊन बघू लागले. "पण माझे हात कुठे गेले? पीठ सांडल्यासारखं दिसतंय हे."

खरंच होतं. एवढ्या उघड्या लेन्सने वीतभर पुढेमागे असलेलंही नीट दिसत नाही. चेहऱ्यावर रोखली की त्याच्यापुढे फूटभर असलेले हात धूसर होतात. हातांवर रोखली की चेहरा जातो.

"म्हणजे एकच काहीतरी," मी म्हटलं. "चेहरा की हात."

"आणि दोन्ही हवं असेल तर?"

मग पन्नासची लावली आणि तिचं तोंड थोडं आवळलं. आता काका पेटीसकट चौकटीत आले, चेहराही नीट, हातही नीट. पण उजेड कमी झाला. शिवाय खट्‌ आवाज येऊ नये म्हणून कॅमेरा मुका करून बघितला तर फोटोवर आडवे काळे पट्टे आले. शेडमधल्या ट्यूबलाइट आपल्याला सतत जळताना दिसतात, पण त्या सेकंदाला शंभर वेळा मिणमिणतात आणि मुका कॅमेरा ते पकडतो. दोन तास खटपट केल्यावर एक उपाय सापडला. वेग खूप कमी करायचा, सेकंदाचा पन्नासावा भाग. मग पट्टे जातात, उजेडही पुरतो. फक्त एवढ्या वेळात जे हलेल ते फोटोत फिसकटणार.

"वाजवणाऱ्याचे हात हलणारच की," काका म्हणाले.

"हो. ते फिसकटतील."

"फिसकटू देत. हलतात म्हणूनच तर ऐकू येतं."

जानेवारीच्या बैठकीला एक अभंग गाणारे गृहस्थ यायचे होते. त्यांच्या साथीला नेहमी येणारे पखवाजवाले घसरून पडले आणि त्यांचं मनगट मोडलं. गायकांनी देवरूखच्या वरच्या एका गावातल्या म्हाताऱ्या पखवाजियांना विनंती केली. वय पंच्याहत्तरच्या पुढे. एके काळी आसपासच्या वीस गावांत त्यांच्या पखवाजाशिवाय भजन उभं राहत नसे, असं काकांनी मला सांगितलं. दोन वर्षांपासून त्यांनी वाजवणं बंद केलं होतं. का, ते काकांना ठाऊक नव्हतं.

मी सकाळी आठलाच शेडमध्ये गेले, आपली जागा धरली आणि उजेडाचा अंदाज घ्यायला पन्नासच्या लेन्सने सहज चार-पाच फोटो काढले. म्हातारे येऊन चौकीवर टेकले होते. पांढरं धोतर, वर करड्या रंगाचा स्वेटर, हात मांडीवर. शेजारी त्यांची मुलगी पितळेच्या वाटीत कणीक भिजवत होती. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओल्या कणकेचा गोळा थापावा लागतो, त्याशिवाय ते घुमत नाही. मुलगी असेल माझ्याच वयाची, गावात अंगणवाडी सांभाळणारी. माझ्या हातात कॅमेरा बघून ती कणकेच्या हातांनीच उठून माझ्याकडे आली.

"ताई, एक सांगू? आबांच्या हातांचे फोटो नका काढू."

"का हो?"

तिने मागे वळून बघितलं आणि आवाज खाली आणला. "थरथरतात ना. दोन वर्षं झाली. कपबशी धरता येत नाही, सदऱ्याची बटणं मी लावते. गावातल्या एका लग्नात कुणीतरी मोबाइलवर त्यांना जेवताना काढलं आणि सगळ्यांना पाठवलं. तेव्हापासून चारचौघांत जेवायलाच बसत नाहीत. आज येतो म्हणाले, ह्याचंच मला नवल वाटलं."

मी म्हटलं, "नाही काढणार." आणि तिच्यादेखत पन्नासची उतरवून पंच्याऐंशीची चढवली. तिला त्यातलं काही कळलं नसेल, पण मी मनाशी ठरवलं: आज फक्त चेहरा.

बैठक सुरू व्हायच्या आधी त्यांनी पखवाज लावायला घेतला. चामड्याच्या वादीखालच्या लाकडी गट्ट्यांवर छोट्या हातोडीने ठोकायचं असतं. त्यांच्या हातातली हातोडी गट्ट्यावर न पडता बाजूला पडत होती. शेवटी गायकांनीच हात पुढे केला आणि ठोकून दिलं. मग कणीक. मुलीने गोळा हातात दिला, तो बोटांतून निसटून गालिच्यावर पडला. शेडमधली बोलणी थांबली. पहिल्या ओळीतले एकजण उगाचच खाली बघू लागले. म्हातारे हसले आणि मुलीला म्हणाले, "तूच लाव बाय. माज्या हाताला आज घाई झाली हाय." तिने कणीक थापली. मला पुढे बघवेना. आता हा माणूस पन्नास माणसांपुढे वाजवणार होता आणि मी त्याचा चेहरा टिपणार होते.

गायकांनी आलाप सुरू केला. म्हातारे डोळे मिटून ऐकत होते, हात मांडीवर, बोटं वाऱ्यावर पान हलावं तशी हलत होती. अभंगाचं पहिलं चरण झालं. ते पुन्हा सुरू होताना त्यांनी दोन्ही हात उचलले.

मी पंच्याऐंशीतून बघत होते. मला फक्त चेहरा दिसत होता. पण पहिला घुमारा आला तो मी बसल्या जागी पाठीला, भिंतीतून ऐकला. पहाटे तळघरात कुणी दार लोटावं असा खोल. त्याच्यामागून उजव्या हाताचे बोल आले, स्वच्छ, वेगवेगळे, एकाचा दुसऱ्याला धक्का न लागता. मी लेन्स खाली घेतली आणि उघड्या डोळ्यांनी बघितलं.

हात थरथरत नव्हते.

एकदा बघून विश्वास बसेना, म्हणून मी नुसती बघतच राहिले. उजवा हात वर जायचा, तिथे क्षणभर थांबायचा, आणि त्या थांबण्यात कसलीही हालचाल नसायची. मग तो बरोबर जिथे पडायचा तिथे पडायचा. पाच मिनिटांपूर्वी कणकेचा गोळा धरता न आलेली तीच बोटं. मी इकडेतिकडे पाहिलं. सगळी शेड चौकीकडे बघत होती. काका दाराशी उभे होते, तोंड थोडंसं उघडं. आणि मुलगी चौकीच्या मागे, खांबाला धरून, कणीक वाळलेला हात तोंडावर ठेवून बापाच्या हातांकडे बघत होती. तिलाही हे ठाऊक नव्हतं. दोन वर्षांत त्यांनी पखवाजावरची गवसणीच काढली नव्हती, मग तिला कसं कळणार?

माझ्या हातात कॅमेरा होता आणि समोर असं काही घडत होतं जे मी पुन्हा बघेन याची खात्री नव्हती. पन्नासची लेन्स पिशवीत, हाताला लागून. पण मी शब्द दिला होता. मी पंच्याऐंशीच डोळ्याला लावली आणि चेहरा काढत राहिले. तो चेहराही सोपा नव्हता. गायक जिथे थांबत तिथे म्हाताऱ्यांच्या भुवया वर जायच्या, आणि समेवर येताना ते असे हसायचे, जणू बऱ्याच दिवसांनी कुणी घरचं माणूस दारात दिसलंय.

मध्यंतरात चहा फिरला. मी पुसायच्या निमित्ताने लेन्स हातात घेऊन बसले होते. मुलगी आली आणि माझ्याजवळ सतरंजीवर बसली. हातावरची वाळलेली कणीक खरवडत राहिली. मग म्हणाली, "ताई, आता काढा."

"काय?"

"हात. मी त्यांना विचारलंय. म्हणाले, काढू दे." आणि मग तिने लेन्सकडे बोट केलं. "मला दाखवायला पाहिजेत. त्यांना घरी दाखवायला पाहिजेत. ते म्हणतील मी उगाच सांगतेय."

चौकीकडे पाहिलं. म्हातारे कपातला चहा बशीत न ओतता, काकांनी धरलेल्या कपातून पीत होते, आणि हात पुन्हा मांडीवर थरथरत होते. तसेच, सकाळइतकेच. वाजवणं थांबलं की ते परत येत होतं.

मी पन्नासची चढवली. नुसते हात मला नको होते आणि नुसता चेहराही नको होता. हे हात ह्याच माणसाचे आहेत हे दिसायला हवं होतं. तोंड आवळलं, कॅमेरा मुका केला, वेग सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर आणला. फायबरच्या तुकड्यातून बारा वाजायच्या सुमाराचा पांढरा उजेड थेट चौकीवर उतरला होता. त्या वर्षातलं माझं सगळ्यात चांगलं काम मी पुढच्या तासाभरात केलं, आणि ते करताना आपण काही करतोय असं मला वाटलं नाही. त्यांचा हात वर गेला की मी श्वास धरत होते, पडला की सोडत होते. कितीदा बोट दाबलं, आठवत नाही.

शेवटच्या अभंगाला गायकांनी गाणं थांबवून त्यांना एकट्यांना वाजवायला जागा दिली. टाळ मंद चालू होते. म्हातारे तीन-चार मिनिटं वाजवत होते. त्या तीन-चार मिनिटांबद्दल मला नीट लिहिता येत नाही. वेग फार होता असं नाही. पण त्या पत्र्याच्या शेडमध्ये कुणाचंच वय झालेलं नव्हतं, असं काहीतरी वाटत होतं. संपल्यावर टाळ्या आल्या त्या उशिरा आल्या.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत शटर अर्धं खाली ओढून मी फोटो कॉम्प्युटरवर घेतले. आधी सकाळचे चार-पाच, उजेड बघायला म्हणून काढलेले, मुलीने सांगायच्या आधीचे. त्यात म्हातारे नुसते बसलेले. चेहरा स्पष्ट, स्वेटरची वीण स्पष्ट, आणि मांडीवर जिथे हात असायला हवेत तिथे दोन धुरकट डाग. काही न करणारे हात, आणि तेच फिसकटलेले.

मग मध्यंतरानंतरचे. बऱ्याच फोटोंत हात फिसकटले होतेच. पडणारा हात, उठणारा हात. पण ज्या क्षणी हात वर जाऊन थांबला होता, किंवा डावा पंजा कणकेवर टेकला होता, त्या फोटोंत नखं दिसत होती. शिरा दिसत होत्या. बोटाच्या पेराला चिकटलेला कणकेचा कण दिसत होता. दोन्ही फोटो एकाच लेन्सचे, एकाच वेगाचे, चार तासांच्या अंतराने एकाच माणसाचे. मी दोन्ही शेजारी शेजारी लावले आणि खुर्चीत मागे टेकून बसले. रोज ह्याच लेन्सने मी दहा जणांना 'हलू नका' सांगत असते. बाहेर गिऱ्हाईक शटर वाजवत होतं, मला उठवेना.

सकाळचे फोटो पुसून टाकावेत असं एकदा वाटलं, कारण ते नकळत का होईना, तिने नको म्हटलेलेच होते. पण ते आपण परस्पर ठरवायचं नाही, असं ठरवून मी दोन्ही छापले आणि पुढच्या रविवारी देवरूखला गेले. तिथून गावची एसटी. घराच्या पडवीत म्हातारे खुर्चीत बसले होते. मी मुलीला आतल्या खोलीत नेऊन सगळं खरं सांगितलं आणि दोन्ही पाकिटं तिच्या हातात दिली. "हे सकाळचे आहेत. तुम्ही सांगायच्या आधीचे. नको असतील तर फाडून टाका. माझ्याकडचेही पुसते." तिने ते बघितले आणि दोन्ही पाकिटं सरळ बाहेर नेऊन बापापुढे ठेवली.

म्हाताऱ्यांनी वाजवतानाचा फोटो आधी घेतला. हातात कागद थरथरत होता, म्हणून मुलीने तो धरला. त्यांनी मान पुढे काढून बघितलं.

"ह्यो माजा हात?"

"तुमचाच की," मुलगी म्हणाली.

"आणि ह्यो?" दुसरा फोटो.

"तोही तुमचाच."

त्यांनी एकदा ह्याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. "बाय, मला वाजवताना कळलंच न्हाय ह्ये. मला वाटलं, थरथरत थरथरतच वाजवतोय मी. लोकं भली, म्हणून बसून ऐकतायत."

दोन वर्षं तो माणूस ह्या भीतीने पखवाजापासून लांब बसला होता.

मुलीने पुढे ते फोटो रत्नागिरीच्या डॉक्टरांना दाखवले. डॉक्टरांनी सांगितलं की हा कंपवात, आणि ह्या आजारात बऱ्याच जणांचं असं होतं; हात स्वस्थ असला की थरथर जास्त, कामाला लागला की कमी. कपबशी धरतानाही थरथरतात त्याचं काय, असं तिने विचारलं. तेव्हा ते म्हणाले, प्रत्येकाचं वेगळं असतं, आणि साठ वर्षं केलेली गोष्ट हात वेगळ्या रीतीने करत असेल. आजार ह्याने बरा होणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण वाजवायला हरकत काय, वाजवू दे. मला हे तिने फोनवर सांगितलं. असं का होतं ते समजल्यावर नवल कमी होईल असं वाटलं होतं. ते कमी झालं नाही.

त्या दिवसापासून म्हातारे रोज सकाळी अंघोळ झाली की अर्धा तास वाजवू लागले. बैठकांच्या पुढच्या हंगामात शेडवर आणखी दोनदा आले. मग आजार पुढे गेला. वाजवताना हात थरथरत नसत, पण जड झाले. बोल मागे पडू लागले. जलद लय त्यांनी स्वतःच सोडून दिली. आणि एके दिवशी मुलीला म्हणाले, "कणीक मळून मळून तुज्या हाताला वजन आलंय. बस हितं." बायकांनी पखवाज वाजवायची त्यांच्या गावात पद्धत नव्हती. तिने वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत बापाचा पखवाज पुसला होता, कणीक लावली होती, पण त्याच्यावर हात टाकला नव्हता.

गेल्या महिन्यात मी पुन्हा गेले. पडवी अरुंद आहे, मागे सरकायला जागा नाही, म्हणून ह्या वेळी पस्तीसची लेन्स नेली. जवळ बसूनही दोन माणसं मावतात. पखवाज मुलीच्या पुढ्यात होता. आबा तिच्या शेजारी, गुडघ्याला गुडघा लावून. तोंडाने बोल सांगत होते आणि आपल्या मांडीवर बोटाने मोजत होते. मोजताना बोट थरथरत होतं, त्याची आता कुणाला फिकीर नव्हती, त्यांनाही नव्हती. मी दोन फोटो काढले आणि कॅमेरा बाजूला ठेवला.

मुलगी एका जागी चुकली. डावा हात आधी पडला.

"परत," आबा म्हणाले.

ती परत चुकली आणि हसायला लागली. ते हसले नाहीत. त्यांनी तिचा पंजा आपल्या थरथरत्या हातात घेतला, कणकेवर बरोबर जिथे पडायला हवा तिथे ठेवला, आणि वरून दाबून धरला.

"हितं. आता परत."